शंभराची बेरीज ओढूनताणून न जुळवणारा क्लाप्रोथ

नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये काय किंवा लातूरच्या एखाद्या दातांच्या दवाखान्यात काय, रूट कॅनॉल झाले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. कॅप कोणती बसवायची? साध्या धातूची, धातूवर सिरॅमिक चढवलेली की झिर्कोनियाची? दातच काढावा लागला असेल तर जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू आणि त्यावर कॅप. झिर्कोनिया आणि टायटॅनियम ही बिलावरची दोन्ही नावे बर्लिनच्या एकाच औषध दुकानदाराने रूढ केली. त्याचे नाव मार्टिन हाइनरिश क्लाप्रोथ.

१ डिसेंबर १७४३ रोजी जर्मनीतल्या वेर्निगेरोड गावी एका शिंप्याच्या घरी त्याचा जन्म झाला. तो आठ वर्षांचाही नव्हता तेव्हा घर आगीत जळाले आणि कुटुंब उघड्यावर आले. सोळाव्या वर्षी तो एका औषधवाल्याकडे उमेदवारीला लागला. विद्यापीठाची पदवी त्याला कधीच मिळाली नाही. गावोगावच्या दुकानांत औषधे कुटता-गाळता जे शिकला तेच त्याचे शिक्षण. १७७१ मध्ये तो बर्लिनला व्हॅलेंटिन रोझ यांच्या दुकानात आला आणि काही महिन्यांतच रोझ वारले. क्लाप्रोथने मालकाचे दुकान तर चालवलेच, शिवाय त्यांची पोरकी मुलेही सांभाळली. त्यांतला एक पुढे स्वतः नावाजलेला रसायनज्ञ झाला. १७८० मध्ये क्लाप्रोथचे लग्न झाले. पत्नी सुखवस्तू घरातली होती, म्हणून त्याला स्वतःचे दुकान विकत घेता आले आणि प्रयोगशाळाही थाटता आली.

त्या काळी खनिजाचे पृथक्करण करणारे एक सोयीची वाट धरत. घटकांची बेरीज ९५ आली की उरलेले पाच त्याच घटकांत वाटून शंभर पुरे करायचे. क्लाप्रोथने हे नाकारले. जेवढे मिळाले तेवढेच तो छापायचा, तूट असेल तर तूटही. खल झिजून त्याची पूड नमुन्यात मिसळते म्हणून तो खलाचीही घट मोजायचा. हा किराणा दुकानातल्या तराजूसारखा काटेकोरपणा रटाळ वाटेल, पण त्याच्या बहुतेक शोधांचे मूळ तिथेच आहे. ल्यूसाइट या खनिजाची बेरीज सतत कमी भरत होती. ती तूट शोधता शोधता १७९७ मध्ये त्यात पोटॅश सापडले. तोवर पोटॅश फक्त वनस्पतींच्या राखेत असते असा समज होता.

१७८९ मध्ये त्याने सिलोनहून, म्हणजे आजच्या श्रीलंकेतून आलेले झिर्कॉन हे रत्न तपासायला घेतले. असल्या खड्यांत आधीच्या मोठ्या रसायनज्ञांना ॲल्युमिना दिसला होता. क्लाप्रोथने खड्याची पूड दाहक अल्कलीबरोबर चांदीच्या मुशीत तापवली, सिलिका वेगळी केली आणि उरलेला पांढरा पदार्थ तपासला. तो ॲल्युमिनासारखा वागेना. खड्यात त्याचा वाटा शेकडा ६८ भरला. आजचा आकडा ६७ च्या आसपास आहे! ही नवी पांढरी माती म्हणजेच झिर्कोनिया, झिर्कोनियम धातूचे ऑक्साइड. शुद्ध धातू मात्र त्याच्या हाती लागला नाही.

त्याच वर्षी त्याने युरेनियमही शोधले. नांदेडकरांना मुंबईपेक्षा जवळ असलेल्या हैदराबादेत, न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये, अणुभट्ट्यांसाठी युरेनियमचे इंधन झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या नळ्यांत भरले जाते. क्लाप्रोथचे एकाच वर्षीचे दोन शोध तिथे एकमेकांत बसतात.

दातापर्यंत यायला मात्र झिर्कोनियाला दोन शतके लागली. कारण शुद्ध झिर्कोनिया भट्टीतून निघाला की निवताना त्याची स्फटिकरचना बदलते, तो चार-पाच टक्के फुगतो आणि तडकतो. त्यात थोडा यट्रिया, म्हणजे यट्रियम धातूचे ऑक्साइड, मिसळला की ही अडचण टळते. शंभर रेणूंत साधारण तीन यट्रियाचे असले तर खोडच गुण ठरते. तडा जाऊ लागला की त्याच्या टोकाशी असलेले कण फुगतात आणि तड्याला दाबून धरतात. या युक्तीचे महत्त्व ऑस्ट्रेलियन संशोधकांनी १९७५ मध्ये दाखवून दिले. यट्रिया आणखी वाढवला की पदार्थ अधिक पारदर्शक होतो, पण ताकद घटते. त्यामुळे समोरच्या दाताला शोभणारा झिर्कोनिया दाढेला योग्य असेलच असे नाही. कॅप बसवण्यापूर्वी डॉक्टरांना हे जरूर विचारावे. सराफाकडचा अमेरिकन डायमंड हाही झिर्कोनियाच, पण स्फटिकरचना वेगळी.

कृत्रिम खुब्याच्या गोळ्यासाठीही १९८० च्या दशकात झिर्कोनिया वापरात आला. पुढे एका उत्पादकाने भट्टीची पद्धत बदलली आणि त्या खेपेतले गोळे रुग्णांच्या शरीरात फुटू लागले. २००१ मध्ये ते परत मागवावे लागले. पदार्थ तोच होता, फक्त भाजणे बदलले होते. खल किती झिजला हे मोजणाऱ्या माणसाला यात नवल वाटले नसते.

टायटॅनियमची गोष्ट वेगळी. १७९५ मध्ये क्लाप्रोथने एका खनिजातून ते ओळखले आणि ग्रीक पुराणातल्या टायटनांवरून नाव दिले. नंतर लक्षात आले की इंग्लंडचे धर्मोपदेशक विल्यम ग्रेगर यांना १७९१ मध्येच ते सापडले होते. क्लाप्रोथने मान त्यांना दिला, नाव मात्र त्याचेच टिकले. टेल्युरियमचेही तसेच. १७९८ मध्ये नाव ठेवले त्याने, पण शोधाचे श्रेय त्याने म्युलर यांच्याकडे सोपवले.

१८१० मध्ये बर्लिन विद्यापीठ सुरू झाले तेव्हा रसायनशास्त्राचा पहिला प्राध्यापक म्हणून या पदवी नसलेल्या औषधवाल्याची नेमणूक झाली. तेव्हा तो ६६ वर्षांचा होता. १ जानेवारी १८१७ रोजी बर्लिनमध्येच त्याचे निधन झाले. त्याने जमवलेली खनिजे विद्यापीठाच्या संग्रहालयात गेली.