रंगमंचाकडून योगासनांकडे

योगासने शिकविणारी स्त्री हे दृश्य आज मुंबई-पुण्यात काय किंवा न्यूयॉर्कमध्ये काय, कोणालाही नवलाचे वाटत नाही. सुमारे ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी मात्र स्त्रीने, त्यातही परदेशी स्त्रीने, योगविद्या शिकावी हे खुद्द योगाचार्यांनाही मान्य नव्हते. हे दार ज्या मोजक्या व्यक्तींनी उघडले, त्यांत एका नर्तकीचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. जगाने तिला ओळखले ते इंद्रा देवी या नावाने. हे नाव तिने प्रथम धारण केले, ते मुंबईच्या चित्रसृष्टीत.

तिचे मूळ नाव युजेनी पीटरसन. १२ मे १८९९ रोजी तत्कालीन रशियन साम्राज्यातील रिगा शहरात तिचा जन्म झाला. वडील स्वीडिश वंशाचे, बँकेत अधिकारी. आई रशियन सरदार घराण्यातली आणि रंगभूमीवरची अभिनेत्री. १९१७च्या राज्यक्रांतीनंतर मायलेकींना देश सोडावा लागला. बर्लिनमध्ये युजेनी निर्वासित रशियन कलावंतांच्या नाटक मंडळीत दाखल झाली आणि अभिनेत्री व नर्तकी म्हणून युरोपभर फिरली. १९२६ मध्ये हॉलंडमधील ओमेन येथे जे. कृष्णमूर्ती यांची व्याख्याने ऐकल्यावर तिला भारताची ओढ लागली. १९२७ मध्ये ती भारतात आली. परत जाऊन तिने ठरलेला विवाह मोडला आणि पुन्हा भारताचीच वाट धरली.

मुंबईत चित्रपट अजून मूक होता. १९३० च्या ‘शेर-ए-अरब’ या मूकपटात तिने भूमिका केली. त्यात तिच्यासोबत होते तरुण पृथ्वीराज कपूर. त्याच वर्षी मुंबईतील चेकोस्लोव्हाकियाच्या वकिलातीतील अधिकारी यान स्त्राकाटी यांच्याशी तिचा विवाह झाला. चित्रपटातील वाटचाल तेथेच थांबली आणि मेजवान्या, समारंभ, प्रतिष्ठितांच्या भेटीगाठी असा दिनक्रम सुरू झाला. वरकरणी सुखाच्या या आयुष्यात हृदयाच्या विकाराने तिला गाठले. ज्या शरीराच्या बळावर नृत्य केले, त्याच शरीराने साथ सोडली होती. उपचारांचा गुण येईना, तेव्हा ती योगाकडे वळली.

त्या काळी महाराष्ट्रात स्वामी कुवलयानंद यांनी लोणावळ्यात १९२४ मध्ये स्थापन केलेल्या कैवल्यधाममधून योगाचा शास्त्रीय अभ्यास सुरू केला होता. दक्षिणेत म्हैसूरच्या राजवाड्यात टी. कृष्णमाचार्य यांची योगशाळा होती. बी. के. एस. अय्यंगार आणि पट्टाभी जोइस हे पुढे जगप्रसिद्ध झालेले शिष्य त्याच शाळेत घडले. १९३७-३८ च्या सुमारास युजेनी तेथे पोहोचली. आचार्यांनी तिला साफ नकार दिला. एक तर ती परदेशी, त्यात स्त्री. अखेर म्हैसूरच्या महाराजांनी शब्द टाकला, म्हणून प्रवेश मिळाला. मग कडक पथ्ये आली. साखर, मैदा, डबाबंद पदार्थ वर्ज्य. रात्री लवकर निजणे आणि सूर्योदयापूर्वी उठणे. ती कंटाळून निघून जाईल, असा अंदाज असावा. ती टिकली, तिची प्रकृती सुधारली आणि गुरूंचे मतही पालटले. पतीची चीनला बदली झाल्याचे कळताच कृष्णमाचार्यांनी स्वतः तिला पुढचे धडे दिले आणि योग शिकविण्याची आज्ञा केली.

शांघायमध्ये चँग कै-शेक यांच्या पत्नी सूंग मेइ-लिंग यांच्या घरात तिचे वर्ग भरू लागले. युद्ध संपल्यावर ती भारतात परतली. १९४६ मध्ये पतीचे निधन झाले. १९४७ मध्ये ती अमेरिकेत गेली आणि लवकरच हॉलिवूडच्या सनसेट बुलेव्हार्डवर तिचे योगकेंद्र उभे राहिले. ग्लोरिया स्वॉन्सन, ग्रेटा गार्बो, जेनिफर जोन्स अशा तारका तिच्या शिष्या झाल्या. सौंदर्यप्रसाधनांच्या उद्योगातील एलिझाबेथ आर्डेन यांनी आपल्या आरोग्यकेंद्रांत योगाला स्थान दिले. १९५३ आणि १९५९ मध्ये आलेल्या तिच्या पुस्तकांनी योग सामान्य अमेरिकी घरांत नेला.

या यशाचे कारण शहरी जीवनात होते. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर सुगीच्या दिवसांत तारप्याच्या सुरावर फेर धरणाऱ्या वारली स्त्री-पुरुषांना व्यायामाचा वेगळा वर्ग लागत नाही. शेतातले श्रम आणि नाच हेच त्यांच्या जगण्याचे अंग असते. खुर्चीला खिळलेल्या, निद्रानाशाने आणि ताणाने ग्रासलेल्या शहरवासीयांचे तसे नव्हते. इंद्रा देवींनी त्यांच्यापुढे सोपी आसने, श्वसन, शिथिलीकरण आणि आहार एवढेच ठेवले. धर्माचा आग्रह धरला नाही. त्यामुळे योगाचे रूपांतर तारुण्य टिकविण्याच्या उपायात झाले, असा आक्षेप घेता येतो आणि त्यात तथ्यही आहे. परंतु संन्यास किंवा धर्मांतराची अट घातली असती, तर हे दार अमेरिकी गृहिणीसाठी बंदच राहिले असते. ज्या भेदामुळे त्यांना स्वतःला नकार मिळाला होता, तो त्यांनी आपल्या वर्गात ठेवला नाही, हे अधिक महत्त्वाचे.

१९५३ मध्ये त्यांनी डॉ. सिगफ्रिड क्नाउअर यांच्याशी दुसरा विवाह केला. १९६० मध्ये त्या सोव्हिएत संघात गेल्या आणि योग हा धर्मप्रचार नव्हे, हे तेथील नेत्यांना समजावून सांगितले. १९६१ मध्ये मेक्सिकोतील तेकाते येथे त्यांनी प्रशिक्षण केंद्र काढले. पुढे सत्यसाईबाबांच्या प्रभावाखाली त्यांच्या शिकवणीत ध्यानाला अधिक महत्त्व आले. १९८५ मध्ये, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, त्या अर्जेंटिनात स्थायिक झाल्या. तेथे त्यांना ‘माताजी’ म्हणून ओळखले जाई. २५ एप्रिल २००२ रोजी ब्युनोस आयर्समध्ये, वयाच्या १०२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

२०१५ पासून २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी जगभरच्या मैदानांवर चटया अंथरणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी असते. चित्रपटाच्या इतिहासात इंद्रा देवींच्या वाट्याला एखादी ओळ येते. म्हैसूरच्या योगशाळेच्या दारात मिळालेला नकार त्यांनी अंतिम मानला नाही, त्याचे फळ मात्र या चटयांवर दिसते.