जोनाथन एडवर्ड्स

जोनाथन एडवर्ड्स (५ ऑक्टोबर १७०३ – २२ मार्च १७५८) हे ब्रिटिश अमलाखालील न्यू इंग्लंडमधील प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक व तत्त्वचिंतक होते. मॅसॅच्युसेट्समधील नॉर्थॅम्प्टन या लहान गावाच्या मंडळीचे ते २३ वर्षे पाळक होते. याच मंडळीने १७५० मध्ये त्यांना पदावरून दूर केले.

पार्श्वभूमी

एडवर्ड्स यांचा जन्म कनेक्टिकटमधील ईस्ट विंडसर येथे झाला. वडील टिमोथी हेही पाळक होते. येल येथे शिक्षण पूर्ण केल्यावर १७२७ मध्ये ते आजोबा सॉलोमन स्टॉडर्ड यांचे साहाय्यक म्हणून नॉर्थॅम्प्टनला आले. त्याच वर्षी सारा पिअरपाँट यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना ११ अपत्ये झाली. त्या काळच्या अनेक पाळकांप्रमाणे एडवर्ड्स यांच्या घरीही गुलाम होते. १७३१ मध्ये न्यूपोर्ट येथून त्यांनी व्हीनस नावाची मुलगी विकत घेतली होती.

नॉर्थॅम्प्टनची मंडळी १६६१ मध्ये स्थापन झाली. स्टॉडर्ड यांनी तिचा कारभार अर्धशतकाहून अधिक काळ पाहिला. हृदयपरिवर्तनाचा अनुभव नसला, तरी सदाचरणी माणसाला प्रभुभोजनात सहभागी होऊ द्यावे, अशी प्रथा त्यांनी रूढ केली. १७२९ मध्ये त्यांच्या निधनानंतर मंडळीबरोबरच ही प्रथाही नातवाच्या वाट्याला आली.

धर्मजागृती

१७३४ च्या अखेरीस गावात धर्मजागृतीची लाट आली. सुमारे २०० कुटुंबांच्या या गावात सहा महिन्यांत ३०० जणांचे परिवर्तन झाले, असा एडवर्ड्स यांचा अंदाज होता. मात्र जून १७३५ मध्ये त्यांचे नातलग जोसेफ हॉली यांनी आत्म्याच्या चिंतेने खचून आत्महत्या केली आणि लाट ओसरली. एडवर्ड्स यांनी आपल्या वृत्तांतात हा प्रसंग झाकून ठेवला नाही. १७३७ मध्ये लंडनला छापलेल्या या वृत्तांतामुळे गावाचे नाव सर्वत्र झाले. १७४१ मध्ये एन्फिल्ड येथे दिलेल्या नरकाग्नीविषयीच्या प्रवचनाने आज त्यांची ओळख सांगितली जाते. त्यांच्या एकूण लेखनाचा विचार करता ही ओळख एकांगी आहे.

मंडळीशी संघर्ष

१७४४ मध्ये काही तरुणांनी सुइणींसाठी लिहिलेले पुस्तक वाचून मुलींची थट्टा केल्याचे प्रकरण उद्भवले. एडवर्ड्स यांनी भर सभेत आरोपी व साक्षीदार यांची नावे एकत्रच वाचून दाखवली. त्यात प्रतिष्ठित घरांतील मुलेही असल्याने गाव दुखावले गेले. वेतनावरूनही कुरबुरी चालूच होत्या. अखेर श्रद्धेची जाहीर कबुली दिल्याशिवाय प्रभुभोजनाचा अधिकार नाही, अशी भूमिका त्यांनी घेतली. तिचा अर्थ आजोबांची प्रथा मोडणे असा होता आणि ते गावाला मानवणारे नव्हते. आपली बाजू मांडणारा ग्रंथ त्यांनी १७४९ मध्ये प्रसिद्ध केला, पण गावात तो फारसा वाचला गेला नाही.

जून १७५० मध्ये शेजारच्या मंडळ्यांच्या परिषदेने एका मताच्या फरकाने त्यांना दूर करण्याचा निर्णय दिला. मंडळीतील मतदानाचा अधिकार पुरुषांपुरताच होता. त्यांपैकी २०० हून अधिक जण एडवर्ड्स यांच्या विरोधात गेले. बाजूने केवळ २३ मते पडली. दुसरा पाळक मिळेना, म्हणून पुढील काही महिने त्याच व्यासपीठावरून प्रवचनासाठी त्यांनाच बोलवावे लागले.

उत्तरायुष्य

१७५१ पासून एडवर्ड्स सीमेवरील स्टॉकब्रिज येथे मोहिकन व मोहॉक लोकांमध्ये काम करू लागले. इच्छास्वातंत्र्यावरील त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ तेथेच लिहून झाला (१७५४). त्यांनी प्रकाशित केलेल्या डेव्हिड ब्रेनर्ड यांच्या चरित्राचा विल्यम कॅरी यांच्यावर मोठा प्रभाव होता. याच कॅरींनी पुढे बंगालमध्ये राहून मराठीचे व्याकरण लिहिले. १७५८ च्या आरंभी एडवर्ड्स प्रिन्स्टन येथील महाविद्यालयाचे अध्यक्ष झाले. देवीच्या साथीत त्यांनी टोचून घेतले. त्यातूनच आजार बळावून त्यांचे निधन झाले.

नॉर्थॅम्प्टनमधील त्यांच्या विरोधकांत वकील जोसेफ हॉली आघाडीवर होते. १७३५ मध्ये आत्महत्या केलेल्या हॉलींचे ते पुत्र. १७६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पत्रात त्यांनी आपल्या वर्तनाबद्दल पश्चात्ताप व्यक्त केला. तोपर्यंत एडवर्ड्स यांच्या मृत्यूला दोन वर्षे उलटली होती.