कापडाची आग रोखणारे रसायनशास्त्रज्ञ : जोसेफ गे-ल्युसॅक

जोसेफ गे-ल्युसॅक यांचा जन्म 1778 साली फ्रान्समधल्या एका छोट्या गावात झाला. राज्यक्रांतीच्या धामधुमीत त्यांच्या वडिलांना तुरुंगात जावं लागलं. तरीही मुलाचं शिक्षण थांबलं नाही. पॅरिसला येऊन जोसेफ मोठे रसायनशास्त्रज्ञ झाले. 1804 मध्ये ते एकटेच बलूनमध्ये बसून सुमारे 7,000 मीटर उंचीवर गेले आणि तिथल्या हवेचे नमुने घेऊन आले. 1808 मध्ये प्रयोग करताना स्फोट झाला, त्यात त्यांचे डोळे जाता जाता वाचले.

त्या काळी नाटकगृहात उघड्या ज्योतीचे दिवे असायचे. पडद्याला किंवा नर्तकीच्या झिरझिरीत घागऱ्याला ज्योत लागली की खेळ संपलाच. राजा अठरावा लुई याने यावर उपाय शोधण्याचं काम गे-ल्युसॅक यांच्याकडे दिलं.

त्यांनी एकेक क्षार पाण्यात विरघळवून कापडावर लावून पाहिला. 1821 मध्ये निष्कर्ष मांडला : काही क्षार तापल्यावर वितळतात आणि धाग्यावर काचेसारखा थर धरतात, त्यामुळे हवा आत पोचत नाही. काही क्षार न जळणारी वाफ सोडतात, त्यामुळे ज्योत मंदावते. अमोनियम फॉस्फेट, नवसागर आणि टाकणखार यांची मिश्रणं सरस ठरली. नवसागर म्हणजे कल्हईवाला वापरतो तोच, आणि टाकणखार सोनाराला डाग देताना लागतो तोच.

उणीव एकच होती. कापड धुतलं की क्षारही धुऊन जायचे.

1850 मध्ये ते वारले. पुढे 1862 मध्ये पॅरिसच्या ऑपेरात एमा लिव्री या तरुण नर्तकीचा घागरा तालमीत दिव्यावर पेटला आणि काही महिन्यांनी तिचा मृत्यू झाला. आगरोधक कापड तेव्हा मिळत होतं, पण ते कडक आणि मळकट दिसतं म्हणून तिने नाकारलं होतं. तेव्हापासून लेप टिकाऊ आणि वापरायला सोयीचा कसा होईल यावरच शास्त्रज्ञांची मेहनत चालू आहे. आज लोखंडी खांबांना लावायच्या आगरोधक रंगातही फॉस्फरसची संयुगं असतात. आग लागली की तो रंग फुगतो आणि खांबाला झाकतो.

लग्नाचा मांडव ठरवताना आपणही एक गोष्ट विचारावी : कापडाला आगरोधक लेप आहे का, आणि धुतल्यानंतर तो पुन्हा दिला का?