थिओडोर एशेरिश : तान्ह्यांचा वैद्य

विहिरीच्या किंवा नळाच्या पाण्यात ‘ई. कोलाय’ सापडल्याची बातमी पावसाळ्यात आमच्या मेजावर हटकून येते. मथळ्यात ते नाव बसवताना त्यातले ‘ई’ हे आद्याक्षर एका माणसाचे आहे, याचे भान क्वचितच राहते. तो माणूस म्हणजे थिओडोर एशेरिश. मैलामिश्रित पाण्याची खूण म्हणून हा जंतू आज बदनाम आहे. परंतु एशेरिश यांना तो गटारात नव्हे, तर अंगावर पिणाऱ्या निरोगी बाळांच्या दुपट्यात आढळला होता.

त्यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८५७ रोजी बव्हेरियातील आन्सबाख या गावी झाला. वडील फर्डिनांड हे डॉक्टर. थिओडोर पाच वर्षांचे असतानाच आई निवर्तली आणि बाराव्या वर्षी त्यांची रवानगी ऑस्ट्रियातील फेल्डकिर्ख येथील जेझुइटांच्या निवासी शाळेत झाली. पुढे अनेक विद्यापीठांतून वैद्यकाचे शिक्षण घेऊन १८८१ मध्ये ते पदवीधर झाले.

त्या काळच्या बव्हेरियात जन्मलेल्या दर दहा मुलांपैकी जवळजवळ तीन मुले वर्षाची होण्याआधीच दगावत. अनेक घरांत बाळाला अंगावर पाजण्याची चालच उरली नव्हती. त्याऐवजी दुधात कालवलेली पिठाची पेज भरवली जाई. उन्हाळा लागला की हगवणीने घरोघरी पाळणे रिकामे होत. मृत्यूचा हा फेरा गरिबांच्या वस्तीत अधिक रेंगाळे, हे सांगायला नकोच. बालरोगशास्त्राला तेव्हा स्वतंत्र शास्त्र म्हणून फारशी प्रतिष्ठा नव्हती. अशा वेळी एका होतकरू डॉक्टराने तान्ह्या मुलांच्या विष्ठेत आयुष्याची उमेदीची वर्षे घालवावीत, हे अनेकांना विचित्र वाटले असेल.

१८८४ साली नेपल्समध्ये पटकीची साथ आली, तेव्हा एशेरिश यांना तेथे अभ्यासासाठी पाठवण्यात आले. रॉबर्ट कॉख यांनी त्याच वर्षी कलकत्त्यात पटकीच्या जंतूवरील आपले संशोधन पूर्ण केले होते. नेपल्सहून परतल्यावर एशेरिश म्युनिकमध्ये कामाला लागले. कॉख यांच्या पद्धतीने जंतू वाढवण्याचे तंत्र आणि ग्राम यांची नवी रंगप्रक्रिया त्यांनी आत्मसात केली. मग त्यांनी क्रमाने पाहिले, की नवजात बाळाच्या पहिल्या काळपट मळात प्रारंभी जंतू नसतात, परंतु अवघ्या काही तासांत ते दिसू लागतात. म्हणजे ते बाहेरून येतात. बाळ दूध पिऊ लागले की जंतूंची वस्ती बदलते. या वस्तीत झपाट्याने वाढणारा एक आखूड, काठीसारखा जंतू त्यांनी वेगळा काढला आणि त्याला ‘बॅक्टेरियम कोलाय कम्यून’, म्हणजे मोठ्या आतड्यातील सामान्य जंतू, असे साधेसुधे नाव दिले. १४ जुलै १८८५ रोजी म्युनिकच्या विद्वत्सभेत त्यांनी हे निष्कर्ष मांडले. पुढच्याच वर्षी तान्ह्यांच्या आतड्यातील जंतूंवर त्यांचा ग्रंथ निघाला.

त्याच वर्षी त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली, जिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. हगवणीने दगावलेल्या बाळांच्या मोठ्या आतड्यात त्यांना मळसूत्रासारखे पीळदार जंतू दिसले. ते प्रयोगशाळेत वाढवणे त्यांना जमले नाही. हे जंतू म्हणजे आजचे ‘कॅम्पिलोबॅक्टर’ असावेत, असे मानले जाते. विष्ठेतून ते वाढवण्याची रीत हाती यायला १९७० चे दशक उजाडावे लागले.

कोलाय हा बहुतांशी निरुपद्रवी पाहुणा असला, तरी त्याचे काही वाण घातक असतात, हेही कालांतराने उमगले. कोलकात्याचे शंभूनाथ डे यांनी १९५६ मध्ये त्याचा पुरावा दिला. अलीकडे वेल्लोर, ढाका आणि नेपाळातील भक्तपूरसह आठ देशांतील गरीब वस्त्यांत मुलांना जन्मापासून न्याहाळण्यात आले. कोलायचा एक वाण, कॅम्पिलोबॅक्टर आणि शिगेला हे जंतू हगवण नसतानाही मुलांच्या पोटात घर करून राहतात आणि अशा मुलांची उंची मागे पडते, असे त्यात दिसले. आतड्याला मंद दाह जडतो, अन्नरस शोषणारे अस्तर झिजते आणि खाल्लेले अंगी लागत नाही. ताटात अन्न असूनही मूल खुरटते ते असे.

१८९० मध्ये एशेरिश ग्राझ येथे प्राध्यापक झाले. दोन वर्षांनी भौतिकशास्त्रज्ञ लिओपोल्ड फाउंडलर यांची कन्या मार्गारेटे हिच्याशी त्यांचा विवाह झाला. लहान मुलींच्या मूत्राशयाच्या दाहामागेही कोलायच असतो, हे त्यांनी ग्राझमध्येच दाखवले. १९०२ मध्ये व्हिएन्नाचे मानाचे अध्यासन त्यांच्याकडे आले. त्याच सुमारास त्यांचा मुलगा लिओ दहाव्या वर्षी आंत्रपुच्छाच्या दाहाने गेला. मुलांच्या पोटाचे विकार हाच ज्याचा आयुष्यभराचा विषय, त्याच्याच घरी हे घडले.

व्हिएन्नात १९०३ मध्ये त्यांनी तान्ह्यांच्या संरक्षणासाठी संस्था काढली. जंतूंची इतकी ओळख असलेल्या या माणसाचा मुख्य आग्रह औषधाचा नव्हता, तो आईच्या दुधाचा होता. मला स्वतःला त्यांचे हे काम जंतूच्या शोधाहून तसूभरही कमी वाटत नाही. सूक्ष्मदर्शक बाजूला ठेवून कष्टकरी बायकांना स्तनपानाचे महत्त्व पटवीत राहणे हे प्राध्यापकी प्रतिष्ठेत बसणारे काम नव्हते. त्यासाठी त्यांनी धनिकांपासून राजघराण्यापर्यंत शब्द टाकला.

नव्या बालरुग्णालयाचा आराखडाही त्यांनी मोठ्या हौसेने केला होता. ती वास्तू पुरी झालेली पाहणे मात्र त्यांच्या नशिबी नव्हते. १५ फेब्रुवारी १९११ रोजी, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, मेंदूतील आघाताने त्यांचे निधन झाले. रुग्णालयाची धुरा त्यांचे शिष्य क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी उचलली. ‘एशेरिशिया’ हे नाव त्या जंतूला मिळाले ते आणखी आठ वर्षांनी, १९१९ मध्ये.