जलकन्या ॲनेट

मुलांनो, पोहणे हा उत्तम व्यायाम आहे, हे तुम्हांला ठाऊक आहेच. पण पाण्यात नृत्यही करता येते, हे तुम्ही ऐकले आहे काय? ही कला लोकप्रिय करणाऱ्या ॲनेट केलरमनची हकिकत वाचा.

ॲनेटचा जन्म १८८६ साली ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरात झाला. तिचे आईवडील संगीत शिकवत. ॲनेटचे पाय अशक्त होते. सुमारे सहाव्या वर्षी तिच्या पायांना पोलादी पट्ट्या बांधाव्या लागल्या. त्यांचा तिला फार त्रास होई. पायांत बळ यावे म्हणून तिला पोहायला शिकवले. पाण्यात पायांवर शरीराचा सगळा भार पडत नाही. त्यामुळे तिला पाय मोकळेपणाने हलवता येऊ लागले. तेराव्या वर्षापर्यंत ते जवळजवळ बरे झाले. १९०२ मध्ये तर तिने पोहण्याच्या राज्य स्पर्धा जिंकल्या!

१९०५ मध्ये तिने इंग्लिश खाडी पोहून जाण्याचा तीन वेळा प्रयत्न केला. तिन्ही वेळा यश आले नाही. तरी तिने पोहणे सोडले नाही. १९०७ मध्ये न्यू यॉर्क येथे काचेच्या हौदात तिने जलनृत्य करून दाखवले. १९७५ मध्ये ॲनेटचे निधन झाले. १९८४ मध्ये या कलेला ऑलिंपिक स्पर्धांत स्थान मिळाले. आता तिला कलात्मक जलतरण म्हणतात. जपानसारख्या देशांत अपंग व्यक्तीही ती शिकतात.

मुलांनो, तुमच्या वर्गात एखाद्याचे पाय अधू असतील, तर त्याला काही जमणार नाही, असे म्हणू नका. त्याला संधी द्या आणि त्याच्या सोबत राहा.