विश्लेषण : नाशिकमध्ये गुरूची परीक्षा घेणारा पत्रकार स्वतःच गुरू कसा झाला?

मोबाइल उघडला की आयुष्य बदलून टाकणारे गुरू हजर असतात. कुणी सात दिवसांत मनःशांती देतो, कुणी मनातली इच्छा पूर्ण करण्याचे तंत्र शिकवतो. हे ज्ञान त्यांच्याकडे आले कुठून, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. सुमारे ९५ वर्षांपूर्वी एक इंग्रज पत्रकार हाच प्रश्न घेऊन नाशिकला आला होता. पॉल ब्रंटन त्याचे नाव. त्याने गुरूची कसून तपासणी केली, तिच्यावर गाजलेले पुस्तक लिहिले आणि पुढे तो स्वतःच गुरू झाला. मग त्याचीही तपासणी झाली. त्या दोन तपासण्यांची ही गोष्ट...

पॉल ब्रंटन कोण होते?

त्यांचे मूळ नाव राफेल हर्स्ट. जन्म १८९८ मध्ये लंडनचा. पहिल्या महायुद्धात त्यांनी रणगाडा दलात काम केले. युद्धानंतर ते पुस्तकविक्री आणि पत्रकारितेत आले. त्या काळात लंडनमध्ये थिऑसॉफी, प्लँचेट, गूढविद्या यांचे वेड होते. लाखो तरुण युद्धात गेले होते. त्यांच्या घरच्यांना चर्चकडून मिळणारी उत्तरे पुरेशी वाटत नव्हती. तरुण हर्स्टही या मंडळींत वावरले. लेखनासाठी त्यांनी वेगवेगळी नावे वापरली, त्यातले पॉल ब्रंटन हे कायमचे चिकटले.

१९३० मध्ये ते भारतात आले. खरे योगी अजून शिल्लक आहेत का, असतील तर ते कुठे आहेत आणि त्यांना नेमके काय ठाऊक आहे, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे होते. मनात ओढ होती आणि हातात पत्रकाराची वही होती. हे दोन्ही त्यांच्यात शेवटपर्यंत एकत्र राहिले आणि त्यांच्या आयुष्यातला बराचसा गोंधळही त्यातूनच आला.

त्यांचा महाराष्ट्राशी संबंध कसा आला?

भारतात ब्रंटन सुरुवातीलाच ज्यांना भेटले, त्यांत मेहेरबाबा होते. मेहेरबाबा म्हणजे मेरवान शेरियार इराणी. जन्म १८९४ चा, पुण्याच्या इराणी झरतुष्ट्री कुटुंबातला. सेंट व्हिन्सेंट शाळा आणि डेक्कन कॉलेजात शिकलेला हा तरुण १९१३ च्या सुमारास हजरत बाबाजान यांच्या सहवासात आला. पुण्याच्या कॅम्प भागात कडुनिंबाच्या झाडाखाली बसणाऱ्या या वृद्ध फकीर स्त्रीने त्याच्या कपाळाचे चुंबन घेतले आणि त्याचे आयुष्य पालटले, असे अनुयायी सांगतात. पुढे त्याने साकोरीच्या उपासनी महाराजांना गुरू मानले. उपासनी महाराज मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या सटाण्याचे.

१० जुलै १९२५ पासून मेहेरबाबांनी मौन धरले. इंग्रजी अक्षरे लिहिलेल्या पाटीवर एकेका अक्षराला बोट लावून ते बोलत आणि शेजारी बसलेला शिष्य ते वाचून दाखवी. योग्य वेळी आपण मौन सोडू आणि त्यानंतर जगात मोठे आध्यात्मिक परिवर्तन होईल, असे ते सांगत. नगरजवळच्या अरणगाव परिसरात ब्रंटन त्यांना पहिल्यांदा भेटले. तिथे त्यांना नंतर नाशिकला येऊन राहण्याचे निमंत्रण मिळाले. तिथे त्यांना मोठा आध्यात्मिक अनुभव मिळेल, असे आश्वासनही मिळाले.

ब्रंटन पुण्यात बाबाजान यांनाही भेटले. त्यांच्याविषयी मात्र त्यांनी आदरानेच लिहिले आहे. त्या वृद्धेजवळ काहीतरी खरे आहे, असे त्यांना वाटले.

नाशिकमध्ये काय घडले?

१९३१ च्या सुरुवातीला ब्रंटन नाशिकला आले. हा काळ शहरासाठी साधा नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० ला सुरू झालेला काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह अजून संपला नव्हता. देवाच्या दारात कुणाला अडवायचे हा अधिकार कुणी दिला, असा प्रश्न हजारो माणसे उघडपणे विचारत होती. त्याच शहरात हा परदेशी पाहुणा एका गुरूच्या अधिकाराचा दाखला शोधत होता.

ब्रंटन यांनी केलेली तपासणी बातमीदाराच्या पद्धतीची होती. शिष्यांनी ठेवलेल्या नोंदी त्यांनी वाचल्या. बाबांनी वर्तवलेली भाकिते आणि प्रत्यक्षात घडलेल्या घटना यांची तुलना केली. चमत्कारांच्या कथा ऐकल्या, की त्या सांगणाऱ्याने स्वतः पाहिल्या की दुसऱ्याकडून ऐकल्या, याची चौकशी केली. बहुतेक वेळा धागा मध्येच तुटे. दिवस जात राहिले, पण ज्या अनुभवाचे आश्वासन मिळाले होते तो आला नाही.

त्यांचा निष्कर्ष कठोर होता. मेहेरबाबा स्वभावाने सौम्य आहेत, त्यांच्यात धार्मिक वृत्ती आहे. पण त्यांची भाकिते सहसा खरी ठरत नाहीत, त्यांचे बेत वारंवार बदलतात आणि शिष्यांकडून ते पूर्ण शरणागतीची अपेक्षा करतात, असे ब्रंटन यांनी लिहिले. बाबाजान यांच्या भेटीने या तरुणाच्या मनाला इतका जबर धक्का बसला, की त्यातून तो सावरलाच नाही, असा तर्कही त्यांनी मांडला. हा तर्क मात्र सिद्ध करण्याचे साधन त्यांच्याजवळही नव्हते.

अनुयायांचे म्हणणे काय होते?

मेहेरबाबांच्या अनुयायांना हे चित्र मान्य नाही. ब्रंटन सिद्धी आणि चमत्कार मिळवायला आले, ते मिळाले नाहीत म्हणून चिडून गेले, अशी त्यांची बाजू आहे. महिनाभरात गुरू जोखता येत नाही, असेही ते म्हणतात.

पुढच्या घटना दोन्ही बाजूंनी वाचता येतात. १९३१ मध्ये गांधीजी ज्या ‘राजपुताना’ बोटीने गोलमेज परिषदेला निघाले, त्याच बोटीने मेहेरबाबा पहिल्यांदा पश्चिमेकडे गेले. जुलै १९३२ मध्ये अमेरिकेत हॉलीवूड बोल या खुल्या रंगमंचावर ते मौन सोडणार असे जाहीर झाले आणि मग तो कार्यक्रम रद्द झाला. ३१ जानेवारी १९६९ ला त्यांचे निधन झाले, तोवर ते जाहीरपणे बोलले नाहीत. दुसरीकडे, कुष्ठरोग्यांना स्वतःच्या हातांनी आंघोळ घालणारे, देशभर फिरून ‘मस्त’ म्हणवणाऱ्या अवलियांची सेवा करणारे बाबाही हेच होते. ब्रंटन यांच्या नोंदवहीत हा भाग जवळपास नाही.

नाशिकनंतर ब्रंटन कुठे गेले?

नाशिकला येण्याआधी त्यांनी दक्षिणेचा दौरा केला होता. कांचीच्या शंकराचार्यांनी त्यांना तिरुवण्णामलईच्या रमण महर्षींकडे जायला सुचवले होते. पुस्तकातल्या कथनानुसार नाशिकचा अनुभव घेऊन ते मुंबईला आले तेव्हा थकलेले, आजारी आणि निराश होते. परतीच्या बोटीचा विचार पक्का होत होता. त्या अवस्थेत त्यांना महर्षींची आठवण झाली आणि ते पुन्हा दक्षिणेकडे वळले.

तिथे त्यांना कुणी आश्वासन दिले नाही की चमत्कार दाखवला नाही. मी कोण, हा प्रश्न स्वतःलाच विचारत राहा, एवढाच मार्ग महर्षींनी सांगितला. १९३४ मध्ये लंडनहून ब्रंटन यांचे ‘अ सर्च इन सीक्रेट इंडिया’ हे पुस्तक निघाले. नाशिकची निराशा आणि तिरुवण्णामलईची शांतता ही त्यातली दोन टोके होती. पुस्तक प्रचंड गाजले. रमण महर्षींचे नाव पश्चिमेत घरोघरी पोहोचवण्यात त्याचा मोठा वाटा होता. मेजर चॅडविक यांच्यासारखे लोक ते वाचून आश्रमात आले आणि कायमचे राहिले.

शिकवण कुणाची, नाव कुणाचे?

इथून गोष्ट वळण घेते. १९३५ नंतर ब्रंटन यांची पुस्तके एकामागून एक येऊ लागली. ‘द सीक्रेट पाथ’, ‘द क्वेस्ट ऑफ द ओव्हरसेल्फ’ ही त्यातली काही. रोज थोडा वेळ शांत बसा, श्वास संथ करा, मी शरीर आहे का, मी विचार आहे का, असे स्वतःला विचारा, अशी सोपी पद्धत त्यांत होती. कामावर जाणाऱ्या, संसार करणाऱ्या माणसाला ती झेपणारी होती. आजच्या ध्यानाच्या ॲपमध्ये जे मिळते, त्याचा हा जुना अवतार म्हणता येईल.

या पद्धतीचा गाभा महर्षींचा होता. महर्षींच्या शिकवणुकीचा उगम लपलेला नव्हता. शिवप्रकाशम पिल्लै यांनी १९०२ च्या सुमारास विचारलेले प्रश्न आणि त्यांना मिळालेली उत्तरे ‘नान यार’ या छोट्या तमिळ पुस्तिकेत उपलब्ध होती आणि त्यामागे अद्वैताची जुनी परंपरा होती. ब्रंटन यांच्या पुस्तकांत मात्र संस्कृत शब्द गळाले, आत्म्याच्या जागी ‘ओव्हरसेल्फ’ हा नवा शब्द आला आणि वाचकाला ही लेखकाची स्वतःची गवसणी वाटू लागली. महर्षींचे विचार स्वतःचे म्हणून छापले जात आहेत, अशी तक्रार आश्रमाच्या व्यवस्थापनाने केली. टिपणे घेण्यावरून खटके उडाले आणि १९३९ च्या सुमारास ब्रंटन आश्रमापासून दुरावले.

मग ते म्हैसूरच्या महाराजांच्या आश्रयाला गेले. तिथे व्ही. सुब्रह्मण्य अय्यर या विद्वानाकडून त्यांनी वेदान्त समजून घेतला. १९४१ चे ‘द हिडन टीचिंग बियॉण्ड योगा’ आणि १९४३ चे ‘द विज्डम ऑफ द ओव्हरसेल्फ’ ही पुस्तके त्या काळातली. आता ते केवळ जिज्ञासू प्रवासी राहिले नव्हते. गुप्त ज्ञानाचे जाणकार, अशी त्यांची ओळख तयार झाली होती.

ब्रंटन यांची परीक्षा कोणी घेतली?

युद्धानंतर ब्रंटन अमेरिकेत बराच काळ राहिले. लॉस एंजेलिसमधल्या मॅसन कुटुंबाने त्यांना गुरू मानले आणि ते त्यांच्या घरी दीर्घकाळ पाहुणे असत. त्या घरातला मुलगा जेफ्री मॅसन गुरूच्या सावलीतच वाढला. गुरूंचे मूळ परग्रहावरचे आहे, ते अदृश्य दुष्ट शक्तींशी झुंजतात, अशा गोष्टींवर आपण लहानपणी विश्वास ठेवत होतो, असे त्याने पुढे लिहिले. तिसरे महायुद्ध येत आहे, या ब्रंटन यांच्या इशाऱ्यावरून १९५० च्या दशकाच्या अखेरीस हे कुटुंब घरदार आवरून दक्षिण अमेरिकेत उरुग्वेला जाऊन राहिले. ते युद्ध झाले नाही.

मग जेफ्री हार्वर्डला संस्कृत शिकायला गेला. मूळ ग्रंथ वाचू लागल्यावर त्याला कळले, की ज्या ज्ञानाचे गुरू अधिकारी मानले जात होते, त्याची भाषाच त्यांना धड येत नव्हती. त्यांच्या नावामागची डॉक्टर ही पदवीही त्याला संशयास्पद वाटली. याच मॅसन यांनी पुढे पुण्याच्या संस्कृत परंपरेत काम केले. एम. व्ही. पटवर्धन यांच्यासह त्यांनी अभिनवगुप्ताच्या शांतरसावर लिहिलेला ग्रंथ भांडारकर संस्थेने १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. १९९३ मध्ये त्यांचे ‘माय फादर्स गुरू’ हे पुस्तक आले. तोवर ब्रंटन यांना जाऊन १२ वर्षे झाली होती. स्वित्झर्लंडमध्ये १९८१ मध्ये त्यांचे निधन झाले होते.

नाशिकमध्ये ब्रंटन यांनी मेहेरबाबांवर ठेवलेले आक्षेप आणि मॅसन यांनी ब्रंटन यांच्यावर ठेवलेले आक्षेप शेजारी ठेवले, तर साम्य लपत नाही. न घडलेली भाकिते, पुरावा नसलेले दावे, शिष्यांचे परावलंबित्व. तरी मॅसन यांच्या लेखनात ब्रंटन खलनायक म्हणून येत नाहीत. ब्रंटन यांचे पुत्र केनेथ हर्स्ट यांनी वडिलांचे ममतेने चरित्र लिहिले. आयुष्याची शेवटची जवळपास तीन दशके ब्रंटन यांनी एकही नवे पुस्तक छापले नाही. ते फक्त टिपणे लिहीत राहिले. ती त्यांच्या मृत्यूनंतर १६ खंडांत आली.

आजच्या वाचकाने यातून काय घ्यावे?

नाशिकला हा प्रश्न नवा नाही. गोदाकाठी टाकळीला तपश्चर्या करणाऱ्या समर्थ रामदासांनी दासबोधाच्या पाचव्या दशकात गुरूची पारख कशी करावी हे विस्ताराने सांगितले आहे. चमत्कार दाखवणाऱ्याला लोक गुरू म्हणतात, पण मोक्षदाता सद्गुरू वेगळा, हा त्याचा आशय. गुरू करण्याआधी तपासा, असे सांगणारी परंपरा आपल्याकडेच आहे.

उगम विचारला, की शिकवणीतून काय गळाले तेही कळते. काळजी सोडून आनंदी राहा, असे सांगणारे १९८८ चे एक इंग्रजी गाणे जगभर गाजले. त्यातले शब्द गायकाला मेहेरबाबांच्या पोस्टरवर दिसले होते. मेहेरबाबांच्या मूळ संदेशात मात्र आधी पराकाष्ठेचा प्रयत्न करण्याची अट होती. गाण्यात ती उरली नाही. आजच्या कित्येक कार्यशाळांमध्ये हेच होते : कष्टाचा भाग गळतो, गोड भाग विकला जातो.

म्हणून पैसे भरण्याआधी तीन साध्या गोष्टी विचारता येतात. ही शिकवण मुळात कुणाची आहे आणि त्याचे नाव घेतले जाते का? आधी दिलेल्या आश्वासनांचे पुढे काय झाले? आणि शंका विचारलेली चालते का? ब्रंटन यांनी नाशिकमध्ये हेच विचारले होते. त्यांच्या शिष्यांनी ते त्यांना वेळीच विचारले असते, तर एका कुटुंबाला देश सोडावा लागला नसता.