गाउस, सेरेस आणि आपला ड्रोन

गाउस हे नाव आपल्याला फर्स्ट इयरपासून छळतंय. गाउस एलिमिनेशन, गाउस-सायडल, फिजिक्समध्ये पुन्हा गाउसचा नियम! हा माणूस जगला कसा, हे मात्र सिलॅबसमध्ये नाही. मला तो खरा भेटला छोट्या ड्रोनमुळे.

समजा, पुरात छपरावर अडकलेला माणूस ड्रोनच्या कॅमेऱ्यात दिसला. तो नेमका कुठे आहे? फोटोतला पिक्सेल फक्त दिशा सांगतो, अंतर नाही. ड्रोनची जागा जीपीएसवरून कळते, पण त्याचं तोंड कुठे आहे हे सांगणारा कंपास जरासा चुकला की गणित बिघडतं. 500 मीटरवर 1 अंशाची चूक म्हणजे जवळपास 9 मीटर. बोट भलत्याच छपराकडे जायची!

नुसत्या दिशांवरून जागा शोधायचा असाच प्रश्न गाउसने तरुणपणी सोडवला होता. कार्ल फ्रीडरिश गाउस 1777 साली जर्मनीतल्या ब्रन्सविकमध्ये गरीब घरात जन्मला. हुशारी बघून तिथल्या ड्यूकने शिक्षणाचा खर्च उचलला. 1 जानेवारी 1801 ला पियाझीला सेरेस दिसला. 11 फेब्रुवारीपर्यंत त्याने नोंदी घेतल्या, मग सेरेस सूर्याच्या उजेडात हरवला. दुर्बीणही फक्त दिशाच दाखवते. तेवढ्यावरून 24 वर्षांच्या गाउसने कक्षा काढली, आणि डिसेंबरमध्ये सेरेस त्याने सांगितलेल्या जागेजवळच सापडला.

1806 साली ड्यूक युद्धात जखमी होऊन वारला. 1807 मध्ये गाउस ग्योटिंगेनच्या वेधशाळेचा प्रमुख झाला. 1809 मध्ये त्याची पत्नी योहाना गेली. त्याच वर्षी त्याच्या पुस्तकात लीस्ट स्क्वेअर्स छापून आलं. लजांद्रने ते 1805 मध्येच छापलं होतं, त्यामुळे श्रेयावरून वाद झाला. गाउसचं म्हणणं होतं की, आपण ते 1795 पासून वापरतोय.

पुढे हॅनोव्हर राज्याच्या मोजणीसाठी तो स्वतः डोंगर चढला. लांबचा खांब नीट दिसेना, म्हणून 1821 मध्ये त्याने हेलिओट्रोप बनवला. आरशाने सूर्यप्रकाश थेट निरीक्षकाकडे पाठवायचा! त्याच्या मोठ्या त्रिकोणाची एक बाजू 100 किलोमीटरपेक्षा लांब होती.

1820च्या दशकातल्या लिखाणात त्याने चुका दोन प्रकारच्या मानल्या: कधी इकडे, कधी तिकडे होणाऱ्या आणि दर वेळी त्याच बाजूला होणाऱ्या. पहिल्या प्रकारच्या चुका सरासरीने कमी होतात, दुसऱ्या नाही. ड्रोनचं दुखणं नेमकं इथेच आहे. एकाच बाजूने शंभर फोटो काढले तरी कंपासची ठरावीक चूक तशीच राहते. टार्गेटभोवती गोल फिरून फोटो काढले तर ती दर वेळी वेगळ्या दिशेला पडते, अंदाज कड्यासारखे पसरतात आणि त्यांचा मध्य टार्गेटजवळ येतो.

अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या संशोधकांनी 2006 मध्ये ठरावीक चुकीचा अंदाज, उडण्याचा योग्य मार्ग, वाऱ्याचा हिशोब आणि रिकर्सिव्ह लीस्ट स्क्वेअर्स वापरून छोट्या विमानातून टार्गेट 3 मीटरच्या आत शोधलं. नवं निरीक्षण आलं की सगळं गणित पुन्हा न करता उत्तर सुधारायचं, ही रीतही गाउसने लिहून ठेवली होती.

1855 मध्ये तो ग्योटिंगेनलाच वारला. तेव्हा मित्रांनो, लीस्ट स्क्वेअर्सचा चॅप्टर ऑप्शनला टाकू नका. छपरावरचा माणूस त्याच्याच भरवशावर आहे.